सँडबॉक्स कॅम्पेन नेमकं कुठे बिघडतं, आणि एका खाडीपासून ते नीट कसं उभं करायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलावर फासे टाकत खेळायच्या खेळात डीएम (डंजन मास्टर) जग उभं करून खेळ चालवतो आणि बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, खेळतात. अनेक सेशन (बैठका) चालणाऱ्या खेळाला कॅम्पेन म्हणतात, आणि ज्यात ठरलेली स्टोरी नसते, कुठे जायचं ते खेळाडूच ठरवतात ते सँडबॉक्स. ओळखीतल्या तीन डीएमची सँडबॉक्स कॅम्पेन तिसऱ्या-चौथ्या सेशनला बंद पडलेली मी बघितली आणि तिन्ही वेळी गोष्ट तीच. डीएमने सुट्टीत बसून अख्खा खंड काढला, राजघराणी, चौदा देव, तीन हजार वर्षांचा इतिहास, आणि पहिल्या दिवशी टेबलावर मॅप पसरून म्हणाला, "जग तुमचं आहे, बोला, काय करताय?" सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग कोणीतरी म्हणालं गुत्त्यात जाऊया, तिथे मारामारी झाली, सेशन संपलं. दुसऱ्या वेळी पण तेच. तिसऱ्या वेळी दोघं आलेच नाहीत आणि मग डीएम म्हणतो आपल्या ग्रुपला सँडबॉक्स झेपत नाही, यांना स्टोरीच लागते.

झेपतं हो. माझ्या टेबलावर पहिल्यांदाच फासे हातात घेतलेली पोरं आहेत, त्यांनाही झेपतं. अनोळखी एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाला "कुठल्या गाडीत बसायचं ते तुझं तू ठरव" म्हटलं तर तो उभाच राहणार ना, गाड्यांवरचे बोर्ड तरी वाचता आले पाहिजेत. सँडबॉक्सची सगळी तयारी म्हणजे हे बोर्ड लावणं. खेळाडूंना कुठे काय आहे, तिथे मिळेल काय आणि जीवावर काय बेतू शकतं हे अर्धंमुर्धं का होईना माहीत असलं की ते आपणहून निघतात, ढकलावं लागत नाही.

आम्ही रत्नागिरीत मित्राच्या पडवीत एक रविवार सोडून एक रविवार खेळतो, डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन. तुम्ही दुसरी सिस्टीम वापरत असाल तरी पायऱ्या त्याच राहतील. उदाहरणं सगळी आपल्या किनाऱ्याची देतोय कारण सँडबॉक्ससाठी कोकणाइतका सोयीचा भूगोल मला तरी दुसरा सापडला नाही.

१. मॅपला हात लावायच्या आधी ग्रुपशी बोला

हे सेशन झिरो. तासाभरात होतं आणि लोक नेमकं हेच टाळतात.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगा की या खेळात समोर येणारा प्रत्येक राक्षस तुमच्या लेव्हलला, म्हणजे ताकदीला, मोजूनमापून ठेवलेला नसेल. काही ठिकाणी आत्ता गेलात तर मराल, लांबून चिन्हं दिसतील, ती बघून माघारी फिरणं किंवा पळणं हा चांगला डाव आहे. हे आधी सांगितलं नाही तर पोरं समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतात, कारण आजवर त्यांना तशीच सवय लागलेली असते, आणि मग टीपीके झाला, म्हणजे अख्खी पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरांचा गट) मेली, की डीएमने फसवलं असं वाटतं.

दुसरं, प्रत्येक कॅरेक्टरला एक इच्छा हवी, आणि ती बाहेर पडल्याशिवाय पुरी होणार नाही अशी हवी. "माझा भूतकाळ अंधारात आहे" यातून डीएमला काहीच मिळत नाही. "माझ्या बापाची होडी ज्या वादळात गेली ती मला शोधायचीय" यातून चार सेशन निघतात.

तिसरं, काय नको ते विचारा. आपल्याकडे बऱ्याच घरांत कोणी ना कोणी दर्यात गेलेलं असतं. आमच्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी सांगितलं की बुडून मरण्याचं वर्णन नको, आम्ही ते काढून टाकलं, खेळाचं काही बिघडलं नाही.

सावध: खरी गावं, खरी देवळं, खऱ्या पालख्या जशाच्या तशा उचलू नका. तुमच्यासाठी डंजन (राक्षस आणि सापळ्यांनी भरलेली जागा) असलेलं देऊळ समोरच्याचं कुलदैवत निघू शकतं. भूगोल घ्या, रीतीभाती घ्या, नावं बदला.

२. एक खाडी काढा, खंड काढू नका

हेक्स पेपर (षटकोनी चौकटींचा कागद) नसेल तर साध्या चौकटीच्या वहीवर पण चालतं. एक हेक्स ६ मैलांचा, म्हणजे साधारण १० किलोमीटर. पाचव्या एडिशनमध्ये साध्या चालीने दिवसाला २४ मैल होतात म्हणजे सपाटीवर दिवसाला ४ हेक्स, आणि जंगल-डोंगरात चाल निम्मी म्हणून २ हेक्स. एवढंच गणित टेबलावर लागतं.

आता गंमत बघा, रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे आडवे पाच-सहा हेक्स. उभे पण सहा घ्या. तीस-पस्तीस हेक्स झाले, वर्षभर पुरतात. माझं दीड वर्ष चाललंय आणि अजून अकरा हेक्समध्ये कोणी पाऊल टाकलेलं नाही.

मॅपवर या क्रमाने भरा:

आधी पाणी. एक खाडी आत घुसवा, तिला दोन फाटे द्या. मग तीन पट्टे पाडा, किनाऱ्याची खलाटी, आतली उंचसखल वलाटी आणि घाट. तीन पट्टे म्हणजे पुढे तीन वेगळी एन्काउंटर टेबलं (वाटेत काय भेटतं ते फाशाने ठरवायच्या याद्या), म्हणून ते आत्ताच ठरवा. मग एक बंदर जिथून सुरुवात होणार, आमच्या खेळात त्याला आडबंदर म्हणतात. मग घाटावर चढणारी एकच चांगली वाट आणि एक वाईट वाट. बाकी मोकळं ठेवा.

खाडी आधी का, तर ती निवड तयार करते. दाभोळहून समोर धोपाव्याला फेरीबोटीने थोड्या वेळात पोचता येतं आणि तेच बोट सोडून रस्त्याने जायचं तर चिपळूणवरून भलामोठा वळसा. खेळात हेच करा. पलीकडचं गाव डोळ्याला दिसतंय, तरीवाला (होडीने पलीकडे नेणारा) सोडेल तर लगेच, नाहीतर दोन दिवसांची चाल आणि मध्ये जंगल. लगेच प्रश्न तयार होतो, तरीवाल्याला पैसे द्यायचे, त्याचं काम करून द्यायचं, रात्री होडी पळवायची की चालायचं? तुम्ही काहीच प्लॉट लिहिलेला नाही आणि तरी पोरं वीस मिनिटं त्यावर बोलत बसतात.

तपासा: सुरुवातीच्या बंदरापासून एका दिवसाच्या अंतरात निदान चार ठिकाणं आहेत का? नसतील तर लांबची जवळ सरकवा. तीन दिवस चालल्यावर येणारं ठिकाण पहिल्या महिन्यात कोणी बघणार नाही.

३. दहा-बारा ठिकाणं, प्रत्येकी तीन ओळी

इथे डीएम लोक वाहवत जातात. एका किल्ल्यावर पंधरा पानं लिहितात आणि पार्टी तिकडे जातच नाही, मग जीव तुटतो आणि नकळत पार्टीला तिकडे ढकलायला लागतात. रेलरोडची, म्हणजे डीएमने आखलेल्या रुळांवरूनच खेळाडूंना नेण्याची, सुरुवात तिथे होते. म्हणून प्रत्येक ठिकाणाला तीनच ओळी: लांबून काय दिसतं, आत कोणाला काय हवंय, आणि कोणीच गेलं नाही तर काय होईल.

माझ्या वहीतली दोन उदाहरणं देतो.

पाणकोट. लांबून: समुद्रातला किल्ला, रात्री एकाच बुरुजावर दिवा, पण दरवाजा कुठून बघितला तरी दिसत नाही. आत: जुन्या आरमारातले मेलेले खलाशी अजून पहारा देतायत, त्यांना सुटका हवीय पण हुकूम मागे घेणारा कोणी उरला नाही. कोणी गेलं नाही तर: दर अमावस्येला एक होडी गायब.

दरवाजाची कल्पना मुरुडच्या जंजिऱ्यावरून घेतली, त्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. खेळात ही गोष्ट फार कामाची, कारण पोरांना आधी किल्ल्याभोवती होडीने फेरी मारावीच लागते आणि त्या फेरीत त्यांना बाकीची चिन्हं दाखवता येतात.

हत्तीचा सडा. लांबून: जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही, वारा. आत: कातळात कोरलेलं भलंमोठं चित्र, ज्याचा अर्थ लावायला एक जादूगार तिथे तळ ठोकून बसलाय आणि त्याला मजूर हवेत. कोणी गेलं नाही तर: पावसाळ्यात रेषांत पाणी साचून चित्र पूर्ण होतं आणि खालचं जागं होतं.

कशेळीच्या सड्यावरचं हत्तीचं कातळशिल्प साधारण १८ मीटर लांब आहे, जवळ उभं राहिलं की नुसत्या रेषा दिसतात, हत्ती कळत नाही. मी तिथे उभा होतो तेव्हाच ठरवलं की हे खेळात घ्यायचं. पार्टीला शेजारच्या टेकडीवर चढायची बुद्धी झाली तर चित्र कळतं, नाही झाली तर नाही.

पूर्ण नकाशा, खोल्या, सापळे हे सगळं ज्या ठिकाणी पुढच्या सेशनला जाणार त्याचंच करायचं. ते नवव्या पायरीत येतंच.

४. अफवा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ठिकाणं तुमच्या वहीत असून उपयोग काय, खेळाडूंच्या कानावर गेली पाहिजेत.

बारा अफवा लिहा. प्रत्येकीत तीन गोष्टी हव्यात: जागा कुठे, मिळेल काय, भीती कसली. "उत्तरेला काहीतरी वाईट घडतंय" ही अफवा नाही, यावर कोणी बूट घालणार नाही. "खाडीच्या वरच्या फाट्याला, जुन्या गोदीत, मिरीची अख्खी गलबतं पडलीत म्हणे, पण तिथे रात्री मुक्काम केलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव विसरलेला असतो" ही अफवा. आता पोरं विचारतात, दिवसा गेलो तर? किती माणसं विसरली? एखादा जिवंत आहे का, त्याला भेटता येईल? असे प्रश्न यायला लागले की समजा सँडबॉक्स सुरू झाला.

बारातल्या सहा पूर्ण खऱ्या ठेवा, चार अर्ध्या खऱ्या, दोन चुकीच्या. चुकीच्या असल्या तरी तिथे गेल्यावर काहीतरी सापडलंच पाहिजे. खजिना नाही पण खजिन्याची अफवा उठवणारा माणूस तिथे लपलाय, असं काहीतरी. रविवार घालवून खेळाडू रिकाम्या गुहेतून परत आले तर पुढची अफवा कोणी मनावर घेणार नाही.

अफवा सांगणारा माणूस पण ठरवा, कारण बोलणाऱ्यावरून वजन ठरतं. धक्क्यावर जाळं विणणारी म्हातारी, तरीवाला, घाटावरून बैल घेऊन आलेला व्यापारी, मिठागरावरचा कामगार. म्हातारी आपल्या बोलीत नुसतं "थंय जाव नको रे झिला" एवढंच म्हणाली की टेबलावर शांतता होते. पोरं जाणारच आहेत, पण आता तयारीनिशी जातील.

सावध: सगळ्या अफवा पहिल्याच दिवशी ओतू नका. पहिल्या सेशनला प्रत्येक खेळाडूला एक-एक चिठ्ठी द्या, स्वतंत्र, आणि एकमेकांना सांगायची का ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. बाकीच्या पुढे पुढे.

५. माणसं आणि घड्याळं

खेळाडू नसताना पण जग हललं पाहिजे, पण त्यासाठी रोज रात्री बसून राजकारण लिहायची गरज नाही. तीन किंवा चार फॅक्शन (आपापला हेतू असलेले गट किंवा माणसं) पुरे. आमच्याकडे आहेत: खोत ज्याला खाडीवरचा जकातीचा हक्क हवाय, तांडेलांची जमात ज्यांना खोत नकोय, देवराईचा राखणदार ज्याला झाडाला कुऱ्हाड लागलेली चालत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसलेलं परक्यांचं जहाज ज्याला सागवान हवंय. बघा, जहाजाला लाकूड विकलं की खोताला पैसा, राखणदाराचा कोप, तांडेलांची अडचण. चौघांना एकाच गोष्टीत गुंतवलं की बाकीचं आपोआप घडतं.

प्रत्येक फॅक्शनसाठी वहीत एक गोल काढा, त्याचे सहा भाग करा. ते त्यांचं घड्याळ. दर सेशननंतर एक फासा टाका, ४ च्या वर आलं की एक भाग काळा करा. सहा भरले की त्यांचं काम झालं, खोताची चौकी उभी राहिली किंवा देवराईचा वेताळ गावात उतरला. पार्टीने मध्ये काही केलं तर भाग पुसायचा किंवा वाढवायचा.

आणि प्रत्येक काळा भाग बाहेर दिसला पाहिजे. हे विसरू नका, मी पहिल्या वेळी हेच विसरलो. माझी घड्याळं वहीत छान भरत होती, टेबलावर कोणाला पत्ताच नाही, आणि एक दिवस मी म्हटलं की गाव जळालं. पोरं दुखावली, आणि त्यांचं बरोबर होतं. आता दुसरा भाग भरला की धक्क्यावर चिऱ्यांचा ढीग येतो, तिसऱ्याला गवंडी येतात, चौथ्याला तरीचं भाडं दुप्पट होतं.

६. भरती-ओहोटी आणि महिने

इथे आपल्याकडे आयतं हत्यार आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्येनंतर काय किंवा पौर्णिमेनंतर काय, प्रतिपदेपासून परत मोजायचं. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.

खेळाच्या पहिल्या दिवशी एक तिथी ठरवा, दिवस सरकेल तशी खूण करत जा. बास, तुमच्या हातात एक कुलूप आलं जे रोज वेगळ्या वेळी उघडतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, तसंच पाणकोटाचं केलं. फक्त उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला सव्वापाचच्या आगेमागे तासभर, खडकांवरून पायी जाता येतं. आमच्या पार्टीने चार दिवस थांबायचं ठरवलं, त्या चार दिवसांत दोन घड्याळं पुढे गेली, आणि त्यांना हे माहीत असून त्यांनी ठरवलं. मला तो आजवरचा सगळ्यात आवडता सेशन आहे, आणि त्यात लढाई एकही नव्हती.

महिने पण वापरा. पावसाळ्यात समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, घाटवाटा घसरड्या, पऱ्ह्यांना पाणी. नारळी पौर्णिमेला दर्या खुला. शिमग्याला सगळी माणसं गावात. पार्टीला जुलैत पाणकोटावर जायचं असेल तर जाऊ द्या की, पण तरीवाला काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे.

तपासा: आज खेळात तिथी कोणती, महिना कोणता, हे वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत आहे का?

७. रँडम एन्काउंटर

तीन पट्टे पाडले होते, प्रत्येकाचं एक टेबल, प्रत्येकी आठ नोंदी, खाडीच्या पाण्यासाठी वेगळं करायचं असेल तर करा. प्रवासात दिवसातून तीनदा सहाचा फासा, सकाळ, दुपार, रात्र, १ आला की एन्काउंटर. असं केलं तर एका दिवसात निदान एकदा काहीतरी भेटायची शक्यता साधारण ४२ टक्के, म्हणजे ना कंटाळा ना कटकट.

नोंद लिहिताना आकडा आणि प्राणी लिहून थांबू नका. "५ गॉब्लिन" यातून फक्त लढाई निघते. "५ गॉब्लिन फुटलेली होडी चढावरून ओढतायत, एकाचा पाय मोडलाय" यातून काहीही निघू शकतं. आपली भुतं पण घ्या, सगळी जुन्या राक्षसांच्या यादीपेक्षा चांगली आहेत. वलाटीच्या रानात चकवा: लढत नाही, नुसता वाट चुकवतो, सकाळी निघालेली पार्टी संध्याकाळी त्याच झाडाखाली येते. खाडीत गिऱ्हा. पडक्या घरात हडळ. चकव्याला तलवार लागत नाही हे कळल्यावर पोरं पहिल्यांदा गावातल्या माणसांना मदत मागायला गेली.

भेटल्याबरोबर लढाई सुरू करू नका. जुन्या नियमांत रिअ‍ॅक्शन रोल असायचा, म्हणजे समोरचा कसा वागेल ते फाशांनी ठरवायचं, तो परत आणा. दोन सहाचे फासे टाकायचे:

२: थेट हल्ला.
३ ते ५: तिरसट, वाट अडवतात, धमकावतात.
६ ते ८: काय करावं ठरत नाही, बघत राहतात.
९ ते ११: बोलायला तयार.
१२: मदतच करतात.

३६ शक्यतांपैकी १६ वेळा मधलं येतं आणि थेट हल्ला ३६ मध्ये एकदाच. म्हणजे बहुतेक वेळी पार्टीला बोलायची, लपायची, पळायची संधी आहे. बिनडोक प्रेतं किंवा उपाशी मगर असेल तर रोल सोडून द्या.

सावध: जी गोष्ट पार्टीला एका फटक्यात मारू शकते तिची खूण आधी दिसली पाहिजे, निदान दोनदा. मोडलेले माड, अर्धी खाल्लेली म्हैस, पक्ष्यांचा आवाज बंद. आणि पळताना काय होतं तो नियम आधी ठरवून सगळ्यांना सांगा. आमच्याकडे सामान टाकलं की सुटका नक्की, काय टाकायचं ते खेळाडू ठरवतो. पळायचा रस्ता नक्की कसा चालतो हे माहीत नसेल तर कोणी पळत नाही, मरेपर्यंत लढतात.

८. पहिलं सेशन

पहिल्या सेशनला पूर्ण मोकळीक देऊ नका. विचित्र वाटेल ऐकायला, पण नवीन ग्रुपला आधी एक छोटं ठरलेलं काम द्या जे दोन तासांत संपेल. माझं असं होतं: तरीवर सगळे एकत्र आहेत, खाडीच्या मध्यावर तरीवाला अचानक वल्ही थांबवतो कारण समोरून रिकामी होडी वाहत येतेय. होडीत रक्त, मिरीची पोती आणि एक फाटका नकाशा. तिथून धक्का, धक्क्यावर खोताची माणसं पोत्यांवर हक्क सांगतात, तांडेल म्हणतात होडी आमची.

यात पोरांना खाडी कळली, दोन फॅक्शन कळले, एक ठिकाण कळलं. उरलेल्या तासात अफवांच्या चिठ्ठ्या वाटा आणि मॅप समोर ठेवा, पण खेळाडूंचा मॅप, ज्यात बंदर, खाडी आणि लांबून दिसणारी दोन-तीन ठिकाणं एवढंच. बाकी हेक्स कोरे. ते त्यांनीच पेन्सिलीने भरायचे. त्यांनी चुकीचं भरलं तरी सुधारू नका.

एक्सपीचं (अनुभवाचे गुण, ज्यांनी लेव्हल वाढते) पण इथेच सांगून टाका. स्टोरीचा टप्पा आला की लेव्हल, ही पद्धत इथे चालत नाही कारण टप्पेच नाहीत. जुन्या डी अँड डीमध्ये परत आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी असायचा. आम्ही त्यात नवीन हेक्स आणि खरी-खोटी करून घेतलेली अफवा यांना पण एक्सपी देतो. ज्याला एक्सपी द्याल ते लोक करतील.

९. सेशन संपताना विचारायचा एक प्रश्न

उठायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेवा आणि विचारा: पुढच्या वेळी कुठे? उत्तर पक्कं घ्या. "बघू" चालणार नाही, पाच जणांत एकमत होईपर्यंत बसायचं. त्यांनी सांगितलं की तेवढंच ठिकाण तयार करायचं. माझी प्रेप आता तासाभरात होते: घड्याळांचे फासे, तिथी पुढे, जायच्या ठिकाणाच्या पाच-सहा खोल्या किंवा जागा, वाटेतले दोन एन्काउंटर आधीच टाकून ठेवलेले, आणि दोन नव्या अफवा संपलेल्या अफवांच्या जागी.

आयत्या वेळी त्यांनी बेत बदलला तर? होतं कधीकधी. मोकळेपणाने सांगा की ते ठिकाण तयार नाही, आज वाटेतला प्रवास खेळू, पोचू पुढच्या वेळी. तयार केलेली गुहा गुपचूप उचलून त्यांच्या नव्या वाटेवर ठेवणं मात्र करू नका. एकदा कळलं की डावीकडे गेलो काय आणि उजवीकडे गेलो काय तेच येणार, मग मॅपकडे कोणी बघत नाही.

१०. अडकलं तर

कोणीच काही ठरवत नसेल तर प्रश्न मोठा विचारलेला असतो. "काय करताय?" सोडा आणि "तरीवाला संध्याकाळी शेवटची फेरी मारणार, त्याच्यासोबत पलीकडे जाताय, की इथेच राहून खोताला भेटताय?" असं विचारा. तिसरं उत्तर आलं तर अजून चांगलं.

एकच खेळाडू सगळं ठरवत असेल तर अफवा शांत बसणाऱ्याच्या कॅरेक्टरलाच मिळू द्या. बाकीच्यांना त्याला विचारावंच लागतं.

पार्टीचे दोन तुकडे झाले तर दहा-दहा मिनिटांनी आलटूनपालटून खेळा, आणि ज्या क्षणी एका बाजूला काही घडणार त्याच्या आधीच दुसरीकडे जा.

माणसं दर वेळी तीच नसतील तर प्रत्येक सेशन बंदरात सुरू आणि बंदरात बंद. याला वेस्ट मार्चेस पद्धत म्हणतात आणि आपल्याकडे ती फार लागू पडते, कारण गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतात, आमच्या पाचाचे नऊ होतात आणि आठवड्याने परत पाच. जे नव्हते त्यांचं कॅरेक्टर बंदरात होतं, विषय संपला. तीन तासांत परत यायचंच असल्यामुळे लोक फालतू वादात वेळ घालवत नाहीत, आणि मुंबईहून आलेल्याला पकडून समजावायला बाकीचे आपणहून मॅप उघडतात. त्यासाठी पेन्सिलीचा तो मॅप पडवीतच ठेवा, कोणाच्या घरी नेऊ देऊ नका.

आणि मॅप वाढवायची घाई नको. पोरं कडेच्या हेक्सवर उभी राहून घाटाच्या वर काय आहे असं विचारायला लागली की त्याच बाजूचे पाच-सहा हेक्स काढा, त्यांना तीन-तीन ओळी द्या, दोन अफवा घाटावरच्या बैलवाल्याच्या तोंडी घाला. बाकीच्या कडा कोऱ्याच राहू द्या.